वरचा कप्पा

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही नातीने दिली. म्हणाली, "आजी, तू दिवसभर जेवढं बोलतेस त्यातलं निम्मं यात लिही, म्हणजे आईचे कान वाचतील." आई म्हणजे माझी सून. तिचे कान वाचवायला मी काही बसलेली नाही, पण वही झकास आहे. जाड पुठ्ठा, पानापानावर तारीख छापलेली. शाळा माझी तिसरीत सुटली. अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं. पण वाचायचंय कुणाला? मलाच.

नात आता मोठ्या शहरात सरकारी प्रयोगशाळेत लागली. सगळ्या देशातल्या गुरांचं रक्त तिथं तपासायला जातं आणि माझी नात ते तपासते! हे मी गल्लीत चार घरी सांगून आले. पाचव्या घरी गेले तर त्यांनी दार लावून घेतलं. जळतात.

आज मात्र वाईट झालं. थोरलीने गाभ टाकला. सातवा महिना चालू होता. आमच्या पाच गाईंत थोरली सगळ्यांत वयस्क, माझ्यासारखेच गुडघे वाजतात तिचे. सुनेने नुसत्या हातांनी सगळं निस्तरलं, खड्डा खणून पुरलं. एक शब्द बोलली नाही. ती तशीही बोलत नाही, घरात बोलणारं एक माणूस पुरे असं तिचं मत. थोरलीची लेक भित्री बाजूलाच थरथरत उभी. बादली पडली तरी ही दावं तोडते, म्हणून भित्री. पहिलटकरीण आहे, एप्रिलअखेर व्यायची.

सुईभाऊ लगेच आला. गुरांच्या दवाखान्यातला टोचणारा माणूस. पन्नाशीला टेकला, पाठ वाकली, वीस वर्षं झाली तरी अजून कंत्राटावरच. पाचही गाईंचं रक्त काढलं, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर एकेका नळीवर लिहिला. म्हणाला, "मावशी, एखादीने गाभ टाकला तर पाय घसरला असंही असतं. पण याचा एक रोगही आहे. एका गाईवरून दुसरीवर जातो, माणसालाही धरतो. म्हणून गाभ टाकला की रक्त पाठवायचंच, सगळ्या देशात तसा हुकूम आहे."

मग घुटमळला. "एक काम होतं. तुमच्या फ्रीजमध्ये जागा आहे?"

दवाखान्याचा फ्रीज म्हणे नऊ महिने बंद पडलाय. इतके दिवस नळ्या औषधाच्या दुकानात ठेवायचा, आता दुकानदार नाही म्हणाला. रक्त न्यायला गाडी गुरुवारीच येते.

"थंड राहिलं पाहिजे बरं का. अजिबात गरम होता कामा नये. आणि मावशी, कुणाला बोलू नका. कागदावर मला दवाखान्याचाच फ्रीज लिहावा लागतो. नवा नियम आलाय, नळ्यांचे तीन डबे खराब निघाले की कंत्राट बंद."

"तोंडाला कुलूप," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एक मोठा श्वास सोडला. का ते कळलं नाही.

फ्रीजमध्ये खाली दूध, दही, भाजी. त्यांच्या मांडीला मांडी लावून रक्त ठेवायचं? शी! आणि खालचं थंड ते कसलं, परवाच तिथं दूध नासलं. वरचा कप्पा म्हणजे राजा. बर्फाचे ठोकळे काढले, कप्पा कोमट पाण्याने पुसला, स्वच्छ फडकं अंथरून त्यावर नळ्या निजवल्या. देशाचं काम आहे, हयगय नको.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सहाला उठून नळ्या काढल्या. वर पांढरी भुकटी चढलेली, बोटाला चटका बसेल इतक्या गार. म्हटलं, वा! पण नंबरांच्या चिठ्ठ्या भिजून सुटतील म्हणून तासभर ओट्यावर ठेवल्या, एकेक पुसली, कागदात गुंडाळली. सुईभाऊ आला तेव्हा डबा तयार. "मावशी, तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं," म्हणाला. दिवसभर मला उगाच गाणं येत होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय. लिहिताना पेन कागदात रुततंय.

रक्त परत. म्हणजे रक्त नाही, कागद परत. 'नमुना तपासणीस अयोग्य, रक्त फुटलेले.' फुटलेले! रक्त काय माठ आहे फुटायला? मी स्वतः बाळंतिणीला जपावं तसं जपलं. गाडीवाल्याने उन्हात ठेवलं असेल, नाहीतर तिथल्या कुणा झोपाळूने पाडलं असेल. नाचता येईना अंगण वाकडं.

सुईभाऊ नुसता कागदाकडे बघत बसला. "एक डबा गेला," एवढंच म्हणाला.

सुनेला थोरली वेगळी बांधायची होती. पण दुसरा गोठा कुठंय? आणि रोग आहे असं अजून कुणी म्हटलेलंच नाही. थोरली एकटी ठेवली की हंबरून घर डोक्यावर घेते, भित्री तिकडून दावं तोडते. मी म्हटलं, निकाल येईपर्यंत राहू दे मायलेकींना एकत्र. सून म्हणाली, "निकाल आलेला नाही म्हणजे रोग नाही, असं नसतं आई." ती लाख बोलेल. मी तिथंच बांधल्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नातीला फोन लावला. म्हटलं, "अगं, आमच्याकडचं रक्त कुणी गं परत पाठवलं?"

म्हणाली, "मीच, आजी."

मी म्हटलं, "मी तुला दूधभात भरवला तो याच्यासाठी?"

"आजी, नळी उघडली तर सगळं लालभडक पाणी होतं. वर पिवळसर निथळ यावी लागते, ती तपासतात. लाल पाणी तपासलं तर खोटा निकाल येतो. खोट्या निकालापेक्षा..."

"म्हणजे आम्ही खोटे?"

"तसं नाही गं. फ्रीज नीट असला की असं होत नाही. तिथल्या दवाखान्याचा फ्रीज चालतोय ना?"

आता काय बोलू? सुईभाऊला शब्द दिलेला. "चालतो, चालतो, न चालायला काय झालं?" म्हटलं आणि ठेवला फोन. मी कधी नातीचा फोन असा ठेवला नव्हता. ती परत करील म्हणून बसून राहिले. केला तिने, पण आईला. हातमोजे घाल, गोठ्यातले बूट घरात आणू नकोस, दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नकोस. सूनबाई मान हलवत ऐकतायत. लेक शिकवते आणि आई शिकते, उलटी गंगा.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा रक्त काढलं. भित्रीने सुईभाऊला लाथ घातली, बरं झालं की वाईट तेच कळेना. बिचारा लंगडत नळ्या घेऊन आला. "मावशी, या वेळी जरा जास्त काळजी घ्या."

घेतली. फ्रीजच्या आत एक बटण असतं गोल, एकपासून सातपर्यंत. ते तीनवर होतं. सातवर केलं. आता फ्रीज घरघरतोय म्हाताऱ्यासारखा, ह्यांची आठवण येते. हे पण झोपेत असेच घोरायचे आणि विचारलं तर म्हणायचे, मी जागाच आहे.

खालच्या कप्प्यातलं दही गोठलं. सून म्हणाली, "आई, फ्रीजला काय झालंय?" म्हटलं, देशाचं काम चाललंय, दही राहू दे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा अयोग्य! पुन्हा रक्त फुटलेलं! आणि खाली माझ्या नातीची सही, शेपूट वर उडवलेली. ती सही करायला मी पाटीवर तिचा हात धरून शिकवलं होतं.

पलीकडच्या बाईच्या गाईनेही काल गाभ टाकला. ती दारात येऊन म्हणते, "तुमच्या थोरलीकडूनच आलं." मी म्हटलं, "पुरावा?" म्हणाली, "पुरावा तुमच्या नातीकडे अडकलाय." नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढं बोलायची तिची कधी हिंमत नव्हती, माझ्यावर गेलीय शेजारात राहून.

बरं, खोटं काय बोलली ती? गाईच्या कानात बारा आकडी नंबर. गाय कुठं जन्मली, कुणाकडून कुणाकडे गेली, कधी सुई टोचली, सगळं मोबाइलवर दिसतं. सुईभाऊने मला दाखवलंय. एवढी अक्कल आहे या लोकांकडे आणि बोटभर नळी धड सांभाळता येत नाही? नातीला सांगितलं तसं. ती म्हणाली, "आजी, चूक आमच्याकडे येण्याआधी होतेय." मी म्हटलं, "आम्ही अडाणी म्हणून आमचीच चूक!" या वेळी तिने ठेवला फोन.

सुईभाऊ म्हणाला, "आता एकच उरला, मावशी." मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. घरी आजारी बायको, बाहेर वीस वर्षांचं कंत्राट, आणि सगळा जीव त्या पाच नळ्यांवर टांगलेला.

२ मार्च, सोमवार

आज मी स्वतः सगळं केलं. आमच्या पाच नळ्या, पलीकडच्यांच्या दोन. आधीपासून बर्फ करून ठेवला होता. नळ्यांच्या खाली बर्फ, वर बर्फ, कडेने बर्फ, बटण सातवर. कप्प्याचं दार नीट लागेना, तर फडकं दाबून बसवलं. आता काय बिशाद आहे कुणाची.

१० मार्च, मंगळवार

सुईभाऊला काढलं.

तिसरा डबा फुटलेला. काल कागद आला आणि आज हुकूम. वीस वर्षं, आणि दोन ओळींचा हुकूम.

मी बसने तालुक्याच्या कचेरीत गेले. गुडघे म्हणाले नको, मी म्हटलं गप्प बसा. तिथली मोठी मॅडम, चष्मा डोक्यावर, टेबलावर हा ढीग. समोर खुर्ची असून बसा म्हणाली नाही. मी बसले.

"काय काम आजी?"

म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, ते बघायला आले."

म्हणाली, नियम वरून आलेत, तीन डबे म्हणजे तीन डबे, एका तालुक्याने कच्चं काम केलं की सगळ्या देशाचा हिशोब चुकतो. मी म्हटलं, "तुमची गाडी चुकते, तुमची प्रयोगशाळा चुकते, तुमचा फ..." आणि जीभ चावली. फ्रीज म्हणणार होते. शब्द दिलाय. म्हटलं, "तुमचं डोकं चुकतं." शिपायाने मला धरून बाहेर आणलं. येताना त्या मॅडमला मी मनात काय काय म्हटलं ते इथं लिहून ठेवते म्हणजे विसरायला नको: भोपळा, कोरडी विहीर, डोक्यावर चष्मा आणि डोळ्यांत माती.

आता बरं वाटतंय. पण सुईभाऊला काय उपयोग?

१४ मार्च, शनिवार

नात आली.

न सांगता आली. आईला भेटायला म्हणे. मला नमस्कार केला, मी पाठीवर हात ठेवला नाही. मग ठेवला. किती वाळलीय पोरगी. दुपारी गोठ्यात गेली, हातमोजे काय, बुटांवर पिशव्या काय. मी सुनेला म्हटलं, लग्नाला निघाल्यासारखी नटलीय तुझी लेक. सून हसली. महिन्याने हसली.

नात घामेजून स्वयंपाकघरात आली. "आजी, बर्फ आहे?"

"वरच्या कप्प्यात बघ."

तिने कप्पा उघडला, बर्फ खरवडला आणि तशीच उभी राहिली. मी म्हटलं, "दार लाव गं, गारवा जातो." लावेना. बघते तर तिच्या हातात लाल टोपीची नळी. बर्फात चिकटून राहिली असावी. पलीकडच्यांची दुसरी, त्या दिवशी एक कमी भरली होती खरी, मला वाटलं मीच चुकीचं मोजलं.

"अगं ती राहून गेली वाटतं," मी म्हटलं. "ठेव तिथंच, थंड आहे."

नात खाली फरशीवर बसली. नळी हातात धरून. म्हणाली, "आजी, सगळे डबे इथं होते?"

शब्द दिला होता. पण नळी तिच्या हातात होती. मी मान हलवली.

"या कप्प्यात?"

"मग कुठं? खाली दुधाजवळ? आणि बटण सातवर केलं होतं मी."

तिने मला रागावलं असतं तर मी तिच्या दुप्पट रागावले असते. रागावली नाही. म्हणाली, "रक्ताचा बर्फ झाला की ते आतून फुटतं आजी. पाण्याची बाटली वरच्या कप्प्यात विसरली की तडकते ना, तसं. खालच्या कप्प्यात ठेवायचं होतं. दुधाजवळच."

मी म्हटलं, "तो म्हणाला थंड ठेवा."

"हो."

"तो म्हणाला अजिबात गरम होता कामा नये."

"हो आजी."

मग मी म्हटलं, "चहा करू?" आणि चहा केला. साखर घालायची राहिली, तसाच प्यायला.

१५ मार्च, रविवार

काही लिहायचं नाही.

ह्या हातांना आग लागो.

१६ मार्च, सोमवार

सुईभाऊच्या घरी गेले. दार त्याने उघडलं, कमरेला टॉवेल, कपडे धूत होता. बायको खाटेवर. उंबऱ्यातच सगळं सांगितलं. उंबरा ओलांडायचं तोंड कुठं होतं?

तो ऐकून हसला. खरंच हसला. "मावशी, मी थंड म्हणालो. गोठवू नका असं कुठं म्हणालो? माझीच चूक."

माझ्या जिवाचा तळतळाट झाला. म्हटलं, "माझी चूक पण तूच घेणार? काहीतरी माझ्याकडे राहू दे! मी उद्या कचेरीत जाऊन सांगते."

"नका. तुमच्या फ्रीजचं सांगितलं तर मी कागदावर खोटं लिहिलं म्हणून जाईन. नाही सांगितलं तर नमुने नासवले म्हणून जाईन. जाणं आहेच. तुमचं नाव कशाला मध्ये?"

"दवाखान्याचा फ्रीज बंद आहे हे तू कधी सांगितलंस त्यांना?"

"पाच अर्ज दिले."

"मग?"

"पोच मिळाली." ट्रंकेतून काढून दाखवली. पाच कागद, पाचांवर मॅडमची सही, वर शब्द लिहिलेला, 'पाहिले'.

पाहिले! मला इतका राग आला की मी तिथंच उंबऱ्यावर बसले. वीस वर्षांच्या माणसाला दोन ओळी आणि नऊ महिन्यांच्या बंद फ्रीजला एक शब्द. ते कागद मी त्याच्या हातातून घेतले. तो नको म्हणेपर्यंत मी रस्त्यावर होते.

१७ मार्च, मंगळवार

नात बरोबर आली. मी म्हटलं, तू बोलू नकोस, सरकारी नोकर आहेस. शिपायाने मला ओळखलं आणि खुर्ची आडवी धरली. म्हटलं, "बाबा, आज भांडायला नाही, कबुली द्यायला आलेय." तो इतका चकित झाला की बाजूला सरला.

मॅडमसमोर सगळं सांगितलं. फ्रीज, कप्पा, बटण, बर्फ. तिने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला.

"आजी, असं नुसतं तोंडी कसं घ्यायचं? आमच्या नोंदीत डबे दवाखान्यातच होते. तुमचं घर कुठंच नाही. कुठल्या तारखेला कुठं, किती वेळ, याला काही आधार?"

मी पिशवीतून वही काढली.

नातीने माझा हात धरला. माझा स्वभाव तिला ठाऊक, वहीत कुणाकुणाला काय काय म्हटलं असणार हे तिने ओळखलं. मलाही ठाऊक होतं. पण गाय कुठं हलली ते सगळ्या देशाला ठाऊक, आणि तिचं रक्त चार दिवस कुठं पडलं होतं ते या एका वहीलाच ठाऊक. मग काय करता?

मॅडम वाचत बसली. दोन फेब्रुवारी, पाच फेब्रुवारी. एकदा ओठ हलले, 'रक्त काय माठ आहे' या ओळीवर असावी. मग दहा मार्चचं पान आलं. मी खिडकीकडे बघत होते. बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं, त्याचे ठोके मोजले. एकोणीस.

"भोपळा," मॅडम म्हणाली.

"रागात होते," मी म्हटलं.

"कोरडी विहीर."

"ते अजून पटतं." तोंडातून गेलंच. नातीने डोळे मिटले.

मी ते पाच अर्ज टेबलावर ठेवले. म्हटलं, "मॅडम, माझी चूक लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. तिसरी शिकलेल्या बाईने चुलीशेजारच्या फ्रीजमध्ये रक्त गोठवलं. पण ते रक्त माझ्या स्वयंपाकघरात का आलं, तेही त्याच कागदावर लिहा. पाहिले म्हणून पाच वेळा सही केलीत. पाहिलं कुठं?"

तिने पाचही कागद एकेक करून उलटले. मग शिपायाला हाक मारली, वहीच्या पानांच्या आणि अर्जांच्या नकला काढायला सांगितल्या. "सगळ्या पानांच्या?" त्याने विचारलं. "सगळ्या," ती म्हणाली. "दहा मार्चसुद्धा. पुरावा आहे, अर्धवट देता येत नाही."

बाई वाटली तेवढी भोपळा नाही. पण वही परत देताना म्हणाली, "चौकशी माझ्यावर पण बसेल." मी म्हटलं, "बसू दे. माझ्या शेजारी जागा आहे."

२४ मार्च, मंगळवार

सुईभाऊ परत कामावर. खोटी नोंद केल्याबद्दल ताकीद, कंत्राट चालू. दवाखान्याचा फ्रीज मंजूर झालाय, येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आमचं स्वयंपाकघर कागदावर चढलं. फ्रीजवर पत्ता चिकटवलाय, आत काचेचं तापमापक, दारावर तक्ता. दिवसातून दोनदा आकडा लिहायचा, दोनच्या खाली नको, आठच्या वर नको. खाली सही माझी. मी शेपूट वर उडवते, नातीसारखी.

सुईभाऊ चौथं रक्त घेऊन आला. पाठीमागे उभा राहून बघत होता मी कुठं ठेवते ते. म्हटलं, "विश्वास नाही?" म्हणाला, "आहे मावशी, म्हणूनच उभा आहे." मधला कप्पा. दुधाच्या शेजारी, झाकणाच्या डब्यात. नात शिकवून गेली.

२ एप्रिल, गुरुवार

निकाल आला. या वेळी रक्त धड होतं, त्यामुळे सगळं कळलं.

थोरलीला रोग आहे. भित्रीला पण. बाकीच्या तिघी निर्दोष. सुनेचं रक्त माणसांच्या दवाखान्यात तपासलं, तिला काही नाही. पलीकडच्यांच्या दोन्ही गाईंना रोग निघाला, त्याही जाणार. त्या बाईने मला बघितलं आणि भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी गाडी येणार. कळपाला धोका म्हणून आमच्या दोघींना नेणार, परत आणणार नाहीत. भित्री एप्रिलअखेर व्यायची होती.

नातीला फोन केला. म्हटलं, "पहिला डबा धड असता, थोरली तेव्हाच वेगळी झाली असती. भित्री वाचली असती का?"

"आजी, हे नक्की नाही सांगता येत."

"तुझी सही खोटी नसते. सांग."

"बहुतेक वाचली असती, आजी."

बरं केलंस म्हटलं, आणि खरंच बरं वाटलं की तिने खोटा निकाल दिला नाही. मग गोठ्यात गेले. हातमोजे घातले, बूट बदलले. भित्रीला आता वेगळं बांधलंय, पत्र्याच्या आडोशाला. दावं दोनदा तोडून झालंय. मी दिसले तर गप्प झाली, मान पुढे केली. मोज्यातून तिचं कपाळ ऊन लागतं की गार ते कळतच नाही.

६ एप्रिल, सोमवार

गाडी दहाला येऊन गेली. भित्री चढेना. थोरली आधी चढली, मग ती तिच्या मागे.

सुईभाऊ खालच्या वाडीतून नऊ नळ्या घेऊन आला. त्याचे डोळे लाल होते, माझेही.

सकाळी सात, चार अंश. संध्याकाळी सात, पाच अंश. मधला कप्पा. सही.

वरचा कप्पा पुसून रिकामा ठेवलाय. त्यात आता मी काही ठेवत नाही, बर्फसुद्धा नाही.